भरलेली टपालपेटी आणि दिल्लीचे दफ्तर

इसवी सन २०२१ च्या फेब्रुवारी महिन्यात गूगल या अमेरिकन कंपनीने जगभरच्या शिक्षणसंस्थांना एक निर्णय कळविला. विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना तोवर मिळत असलेली अमर्याद साठवणीची सवलत संपुष्टात येणार होती. जुलै २०२२ पासून प्रत्येक संस्थेला, तिचा व्याप लहान असो वा मोठा, मूळ वाटा म्हणून १०० टेराबाइट एवढीच जागा मिळावयाची होती. ई-मेलची पत्रे, कागदपत्रे, छायाचित्रे आणि व्याख्यानांच्या चित्रफिती या सर्वांनी मिळून तेवढ्यातच भागवावयाचे होते. अधिक हवे असेल तर पैसे मोजावयाचे होते. दिल्ली आणि तिच्या परिसरातील अनेक शिक्षणसंस्थांचा टपालव्यवहार याच व्यवस्थेवर चालत असल्यामुळे संगणककेंद्रांकडून अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना सूचना जाऊ लागल्या. आपली खाती हलकी करावीत, जुने व अनावश्यक ते काढून टाकावे, असा त्यांचा आशय असे.

वरवर पाहता ही बाब संगणककेंद्रातील तंत्रज्ञांपुरतीच वाटेल. परंतु दफ्तरात जागा अपुरी पडली म्हणजे कोणता कागद ठेवावा, कोणता टाकावा आणि तो निर्णय कोणी करावा, हा प्रश्न राज्यकारभाराइतका जुना आहे. दिल्लीतील विद्यापीठीय टपालाच्या सुमारे चाळीस वर्षांच्या वाटचालीत हाच प्रश्न आरंभी होता, मध्यंतरी तो नाहीसा झाल्यासारखा वाटला आणि आता तो निराळ्या रूपाने परत आला आहे.

या वाटचालीचा आरंभ १९८६ साली झाला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ नावाचे शैक्षणिक व संशोधनविषयक जाळे उभारण्याचे काम त्या वर्षी हाती घेतले. त्यात प्रारंभी आठ संस्था होत्या. मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील पाच आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि दिल्लीतील इलेक्ट्रॉनिक्स विभाग स्वतः. पहिली पत्रे १९८७ च्या सुमारास मुंबईतच, जुहूचे राष्ट्रीय केंद्र आणि पवईची आय.आय.टी. यांच्यामध्ये, साध्या टेलिफोनच्या तारेवरून गेली. १९८९ साली त्याच राष्ट्रीय केंद्रातून अमेरिकेकडे एक कायमची वाहिनी घेण्यात आली. हौज खासच्या आय.आय.टी.तील एखाद्या प्राध्यापकाला परदेशी सहकाऱ्यास पत्र धाडावयाचे झाल्यास ते मुंबईमार्गेच समुद्रापार जाई. जुन्या काळी दिल्लीची विलायती डाक मुंबईच्या गोदीतूनच बोटीवर चढे, त्याची आठवण व्हावी अशी ही गोष्ट आहे.

या वाहिनीचा वेग सेकंदास ९,६०० बिट, म्हणजे सुमारे १,२०० बाइट इतका होता. रोमन लिपीतील एका अक्षराला एक बाइट लागतो. तेव्हा दोन हजार अक्षरांचे पत्र जावयास दोनएक सेकंद पुरत. पण एक मेगाबाइटचे छायाचित्र पाठवावयाचे म्हटले तर ती सबंध वाहिनी चौदापंधरा मिनिटे अडून राहिली असती, आणि ती वाहिनी तर अनेक संस्थांची मिळून एकच होती. अशा परिस्थितीत संयम निराळा शिकवावा लागत नसे. पत्रे मोजक्या शब्दांत लिहावयाची, आलेले पत्र वाचावयाचे, महत्त्वाचे असल्यास कागदावर छापून फाईलीत लावावयाचे आणि यंत्रातील मूळ प्रत पुसून टाकावयाची, हा त्या काळचा शिरस्ता होता. संगणकावरील जागाही प्रत्येकाला ठरवून दिलेली असे. ही टंचाई गैरसोयीची खरी. पण तिचा एक फायदा असा की, पत्र वाचतानाच त्याच्या भवितव्याचा विचार करणे भाग पडे. महत्त्वाचे ते कागदावर उतरे, आणि कागद एकदा फाईलीत गेला की त्याच्यावर दफ्तराचे नियम आपोआप लागू होत.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांना खुले केले. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, भारतात वाढलेले सबीर भाटिया आणि त्यांचे अमेरिकन सहकारी जॅक स्मिथ यांनी हॉटमेल ही विनामूल्य टपालसेवा सुरू केली. तिच्यात प्रत्येकाला अवघी दोन मेगाबाइट जागा मिळे. विद्यार्थी ती आठवड्यातून एकदा तरी झाडून काढीत, नाहीतर पेटी भरून नवे पत्र परत जाई. ही रीत मोडली ती १ एप्रिल २००४ रोजी. त्या दिवशी गूगलने आपली टपालसेवा जाहीर केली आणि प्रत्येकाला एक गिगाबाइट जागा देऊ केली. हॉटमेलच्या तुलनेत पाचशेपट. तारीख पाहून अनेकांना ही एप्रिल फूलची थट्टाच वाटली. थट्टा नव्हती. आता पत्र कधीच पुसावे लागणार नाही, असे आश्वासनच त्या सेवेने दिले होते. ‘डिलीट’च्या जोडीला तिने एक नवे बटण आणले आणि त्याला ‘अर्काइव्ह’ हे नाव दिले. दफ्तरखान्यात या शब्दाचा अर्थ पारखून, वर्गवारी करून, जतन करणे असा आहे. येथे त्याचा अर्थ डोळ्यांआड करणे एवढाच उरला. शब्दाचे हे स्थलांतर कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही.

२००६ पासून हीच सेवा शिक्षणसंस्थांना विनामूल्य मिळू लागली. आपला सर्व्हर चालवावयाचा म्हणजे अखंड वीज, थंड खोली, नव्या चकत्यांची खरेदी, निरुपयोगी पत्रांच्या लोंढ्याशी रोजचा झगडा आणि हे सर्व पाहणारा जाणता माणूस, एवढा संसार मांडावा लागे. दिल्लीच्या उन्हाळ्यात वीज गेली की महाविद्यालयाच्या संगणकखोलीची काय अवस्था होत असेल, हे सांगावयास नको. तेव्हा जे काम परके लोक फुकट आणि अधिक चांगले करून देतात ते आपण का करावे, हा विचार अनेक संस्थांना पटला तर त्यांना दोष देता येणार नाही. २०१४ साली तर शिक्षणसंस्थांसाठी साठवणीची मर्यादाच उठविण्यात आली. पत्त्यातील शेवटची अक्षरे विद्यापीठाची राहिली, पेटी मात्र परक्याच्या घरात गेली.

नंतर २०२० साल उजाडले. करोनाच्या साथीत दिल्ली विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घरबसल्या, पुस्तके उघडी ठेवून घेण्याचे ठरविले. प्रकरण न्यायालयात गेले. ७ ऑगस्ट २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या परीक्षांना काही अटींवर अनुमती दिली. प्रश्नपत्रिका संकेतस्थळाबरोबरच ई-मेलनेही विद्यार्थ्यांकडे जावी आणि उत्तरपत्रिका पोहोचताच विद्यार्थ्याला आपोआप पोचपावतीचा ई-मेल मिळावा, अशा त्यांतील दोन अटी होत्या. १० ऑगस्टला परीक्षा सुरू झाल्या. खेड्यापाड्यांतून, एखाद्या खोलीतील अपुऱ्या प्रकाशात मोबाइलने टिपलेली हस्तलिखित उत्तरांची छायाचित्रे विद्यापीठाकडे येऊ लागली. ज्या टपालपेटीत एरवी बैठकीची सूचना किंवा रजेचा अर्ज यावयाचा, तिच्यावर आता परीक्षेच्या पोचपावतीचे कायदेशीर ओझे येऊन पडले. एखाद्या विद्यार्थ्याचे सबंध वर्ष अशा दोन ओळींच्या पत्रावर अवलंबून राहिले असेल. त्याच काळात अध्यापकांनी आपली व्याख्याने चित्रित करून त्याच सामाईक कोठारात ठेवली. कोठार फुगले, आणि वर्ष उलटण्यापूर्वीच मर्यादेची घोषणा आली. मायक्रोसॉफ्टनेही मागाहून तसेच पाऊल टाकले आणि फेब्रुवारी २०२४ पासून शिक्षणसंस्थांच्या सामाईक साठवणीस १०० टेराबाइटची मूळ मर्यादा घालण्यास आरंभ केला.

शंभर टेराबाइट हा आकडा ऐकावयास प्रचंड वाटतो. स्वतः गूगलच्या हिशेबाने त्यात चार लाख तासांच्या चित्रफिती मावतात. पण एखाद्या विद्यापीठात विद्यार्थी, अध्यापक आणि कर्मचारी मिळून पन्नास हजार खाती असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन गिगाबाइट येतात. ज्या विद्यार्थ्याला त्याच कंपनीकडून खाजगी खात्यावर पंधरा गिगाबाइट फुकट मिळतात, त्याला विद्यापीठाच्या खात्यावर त्याचा सातवा हिस्साच मिळावा, हा उलटा न्याय वाटतो खरा. परंतु भागाकार चुकत नाही.

ही जागा खाते तरी कोण? याचे उत्तर फार उद्बोधक आहे. ई-मेलची मूळ रचना साध्या अक्षरांच्या पत्रासाठी होती. म्हणून चित्र किंवा ध्वनी जोडावयाचा तर त्याचे अक्षरांत रूपांतर करावे लागते आणि त्या रूपांतरात तीन बाइटांचे चार होतात. प्रवासात प्रत्येक जोडपत्र एक-तृतीयांशाने फुगते. दुसरे असे की, पत्र जितक्यांना जाते तितक्यांच्या पेटीत त्याची स्वतंत्र प्रत मोजली जाते. कार्यालयातील कोणी एखादे परिपत्रक टंकलिखित मजकूर म्हणून न पाठविता त्यावर सही-शिक्का घेऊन, त्याचे छायाचित्र काढून, पाच मेगाबाइटच्या जोडपत्राच्या रूपाने पाचशे अध्यापकांना धाडले, तर सुट्टीच्या एका सूचनेने अडीच गिगाबाइट जागा गिळली असे होते. सही-शिक्क्यावाचून कागदाला कागदपण नाही, ही आपल्या कचेऱ्यांची श्रद्धा यंत्रालाही अशी महागात पडते.

याउलट खऱ्या पत्राचे वजन नगण्य असते. देवनागरीतील एका चिन्हाला आजच्या युनिकोड पद्धतीत तीन बाइट लागतात, रोमन अक्षराच्या तिप्पट. आणि या न्यायाने मराठी पत्र इंग्रजीपेक्षा जड ठरते. असे असूनही हजार चिन्हांचे मराठी पत्र, वरील रूपांतराची भर धरून, चार हजार बाइटांच्या आसपासच भरेल. एका मेगाबाइटच्या छायाचित्राच्या जागेत अशी अडीचशे पत्रे सुखाने राहतील. तात्पर्य, एखाद्या अध्यापकाने वीस वर्षांत लिहिलेला सगळा पत्रव्यवहार त्याच्या एका तासाच्या चित्रित व्याख्यानाहून कमी जागेत मावण्याचा पुष्कळ संभव आहे.

मग सूचनेनुसार पेटी रिकामी करावयास बसलेला माणूस प्रथम काय काढतो? तो आकारमानाप्रमाणे क्रम लावतो, तेव्हा काम योग्य होते. मोठी जोडपत्रे निघाली की बहुधा भागते. परंतु तेवढा विचार न करता पुष्कळजण कालक्रमाने शेवटाकडे जातात आणि सर्वांत जुनी पत्रे निवडून एका फटक्यात पुसून टाकतात. पाच-दहा वर्षांपूर्वीचे आता कशास लागणार, हा त्यामागचा विचार असतो. त्यात जागा फारशी सुटत नाही, कारण जुनी पत्रे बहुतेक शब्दांचीच असतात. जाते ते मात्र कायमचे जाते.

नेमक्या याच बाबतीत दिल्लीतील दुसरी एक जुनी संस्था अगदी उलट वागत आली आहे. जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागार ही ती संस्था. ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यास ‘इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ या नावाने तिची स्थापना झाली. राजधानी दिल्लीस आल्यावर १९२६ साली तिच्यासाठी नव्या दिल्लीत लट्यन्सच्या योजनेतील इमारत उभी राहिली आणि पुढे दफ्तर तेथे हलविण्यात आले. महाराष्ट्राशी या संस्थेचा एक जिव्हाळ्याचा धागा आहे. १९३९ साली तिच्या प्रमुखपदी आलेले डॉ. सुरेंद्रनाथ सेन हे बंगाली विद्वान मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक होते. मराठ्यांच्या राज्यकारभारावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्याच कारकिर्दीत सरकारी दफ्तर संशोधकांना अधिक मोकळेपणाने पाहावयास मिळू लागले. हेच सेन १९५० ते १९५३ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. देशाचे दफ्तर सांभाळलेला मनुष्य दिल्ली विद्यापीठाच्या प्रमुखपदी बसला, हा योग आज मुद्दाम आठवावा असा आहे.

सेन यांच्यासारख्या अभ्यासकांना जुन्या कागदांचे मोल पुण्याच्या उदाहरणावरून पुरेपूर ठाऊक होते. पेशवे दफ्तरातील हजारो रुमाल १८१८ नंतर शंभराहून अधिक वर्षे मुख्यतः इनामांच्या आणि वतनांच्या चौकशीपुरते सोडले-बांधले जात होते. १९२९ साली गोविंद सखाराम सरदेसाई यांना ते तपासण्याचे काम मिळाले आणि पाचसहा वर्षांत त्यांनी निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. त्यांत मोठे तह आहेत, तसे मुक्कामाच्या खर्चाचे, आजारपणाच्या बातमीचे आणि कुणाच्या रुसव्याफुगव्याचे लहानसहान कागदही आहेत. लिहिणाऱ्या कारकुनाला विचारले असते तर यांतील निम्मे कागद त्याने वर्षअखेरीस आनंदाने टाकून दिले असते.

याचा अर्थ दफ्तरात काहीच टाकू नये असा मुळीच नाही. मुंबई इलाख्याच्या महसुली कचेऱ्यांपासून चालत आलेली अ, ब, क, ड ही वर्गवारी महाराष्ट्रातील कोणत्याही कारकुनाला पाठ असते: अ वर्ग कायम ठेवावयाचा, ब तीस वर्षे, क दहा वर्षे आणि ड एक वर्ष. केंद्र सरकारच्या मंत्रालयांतही प्रत्येक प्रकारच्या फाईलीची मुदत ठरविणारे तक्ते आहेत. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने या प्रथेला कायद्याचे बळ दिले. त्या अधिनियमाच्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेले साहित्यही ‘अभिलेख’ ठरते, आणि केंद्र सरकारच्या पैशावर मुख्यत्वे चालणाऱ्या वैधानिक संस्थांची कार्यालयेही तिच्या कक्षेत येतात. १९२२ च्या कायद्याने स्थापन झालेले दिल्ली विद्यापीठ किंवा १९६६ च्या कायद्याचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ यांच्या कार्यालयीन पत्रव्यवहाराला ही व्याख्या लागू पडते, असेच दिसते. नोंद आणि तपासणी झाल्याखेरीज कोणताही सार्वजनिक अभिलेख नष्ट करता येत नाही. नियम मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. १८९२ पूर्वीचा कागद तर तो वाचता येण्याच्या पलीकडे गेला असल्याविना नष्टच करावयाचा नाही, असे कलम आहे. कागद जितका जुना तितका त्याला अधिक अभय, हे दफ्तराचे तत्त्व. टपालपेटीच्या साफसफाईत सर्वांत जुने ते सर्वांत आधी जाते.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तर ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलचे नावच घातले. म्हणजे एखाद्या विभागप्रमुखाने नेमणुकीसंबंधी किंवा शिष्यवृत्तीसंबंधी लिहिलेले पत्र उद्या एखादा नागरिक मागू शकतो. ते पत्र ‘पेटी भरली होती म्हणून काढून टाकले’ असे उत्तर देण्याची पाळी आली तर दोष कोणाचा? मर्यादा घालणाऱ्या कंपनीचा तो म्हणता येणार नाही. तिने फुकट दिलेले काही प्रमाणात परत घेतले एवढेच. खाते रिकामे करणाऱ्या अध्यापकाचाही सर्वस्वी नाही, कारण काय ठेवावयाचे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. जे काम एकेकाळी अनुभवी दफ्तरदार, तक्ता समोर ठेवून, वरिष्ठांच्या समक्ष करीत असे, ते काम नकळत हजारो व्यक्तींवर सोपविले गेले आणि त्यांच्या हाती तक्ता मात्र दिला गेला नाही. जागेची मर्यादा किती हे कळविणाऱ्या सूचनेत, कोणत्या प्रकारची पत्रे पुसू नयेत याच्या चार ओळी घालणे अवघड नव्हते.

उपाय फारसे खर्चाचे नाहीत. कुलसचिव, परीक्षा नियंत्रक आणि विभागप्रमुख यांची खाती व्यक्तीच्या नावाची न ठेवता पदाच्या नावाची ठेवावीत, म्हणजे माणूस बदलला तरी पत्रव्यवहार जागीच राहतो. परिपत्रके संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवून पत्रातून केवळ दुवा पाठवावा. खात्यातील सर्व पत्रे एका सलग फाईलीत उतरवून घेण्याची सोय गूगलच्या व्यवस्थेत आहे. चित्रफिती वगळून नुसती पत्रे उतरविली तर एका विभागाचा पत्रव्यवहार खिशातील एका लहानशा चकतीत मावेल, आणि ती चकती ग्रंथालयाच्या किंवा अभिलेख अधिकाऱ्याच्या ताब्यात देता येईल. निवृत्त होणाऱ्या अध्यापकाचे खाते बंद करण्यापूर्वी त्याला एवढी विचारणा करण्यास एका पत्राहून अधिक श्रम लागत नाहीत. त्याच्या पेटीत विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवरील टिपणे असतील, परदेशी सहकाऱ्यांशी झालेले वाद असतील, एखाद्या अभ्यासक्रमाचा पहिला कच्चा खर्डा असेल. विद्यापीठाचा इतिहास लिहावयास पुढे कोणी बसला तर छापील वार्षिक अहवालांपेक्षा त्याला याच गोष्टी हव्या असतील.

जीमेलमध्ये पुसलेले पत्र लगेच नाहीसे होत नाही. ते तीस दिवस कचरापेटीत पडून असते, आणि तेवढ्या मुदतीत खातेदाराला ते परत आणता येते. त्या तीस दिवसांत त्याचे वजन खात्याच्या हिशेबात धरलेलेच असते. त्यामुळे घाईत असलेला माणूस, जागा ताबडतोब सुटावी म्हणून, बहुधा कचरापेटीही त्याच बैठकीत रिकामी करून टाकतो.